सोनारातला 'आर' आणि जर्मन बेकरमधला 'अर'

जर्मन शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलंय: जर्मनमध्ये शिकवणारा तो 'लेरर', मासे पकडणारा तो 'फिशर', पाव भाजणारा तो 'बेकर'. आपल्याकडे सोनार, लोहार, कुंभार. संस्कृत आणि जर्मन एकाच कुळातल्या भाषा आहेत, मग हा 'आर' आणि तो 'अर' एकच ना? आणि एकच असेल, तर जर्मन प्रत्यय लॅटिनमधून उसना आलाय असं पुस्तकात का छापलंय? जर्मनला स्वतःचा प्रत्यय नव्हता का?

बावीस वर्षं मी जर्मन शिकवतोय, भाषांतरंही करतो. हा प्रश्न दर दोन-तीन तुकड्यांमागे कुणीतरी विचारतंच, आणि जो विचारतो तो कान उघडे ठेवून शिकतोय हे मला लगेच कळतं. आधी थेट उत्तर देतो: नाही, हे दोन्ही एक नाहीत. पुस्तकात छापलंय तेच बरोबर आहे. सुरुवातीच्या एक-दोन वर्षांत मी स्वतः वर्गात हे साम्य मोठ्या उत्साहाने सांगितलं होतं, आणि नंतर त्याच मुलांसमोर ते मागे घेतलं. त्यामुळे ही चूक किती सहज होते हे मला ठाऊक आहे.

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न एकमेकांत अडकलेत. दोन भाषांतले प्रत्यय सारखे ऐकू आले की तीन शक्यता असतात: दोघांनी ते एकाच पूर्वजाकडून घेतले, एकाने दुसऱ्याकडून उचलले, किंवा झिजून झिजून दोघे योगायोगाने सारखे दिसू लागले. आजचं रूप पाहून यातलं काहीच ठरत नाही. ठरवायचं तर जुनं रूप काढून बघावं लागतं.

सोनारापासून सुरू करू. मूळ शब्द सुवर्णकार. प्राकृतात दोन स्वरांमध्ये सापडलेला 'क' गळून जातो, म्हणून सुवर्णकाराचा 'सुवण्णआर' झाला आणि पुढे सोनार. कुंभकाराचा कुंभार, लोहकाराचा लोहार, चर्मकाराचा चांभार. म्हणजे आपला 'आर' हा मुळात 'कार' आहे, 'कृ' धातूचा, 'करणारा' या अर्थाचा. क निघून गेला आणि मागे जे उरलं ते नेमकं जर्मनसारखं ऐकू येतं, एवढंच.

आता पलीकडची बाजू. लॅटिनमध्ये '-आरियुस' असा एक प्रत्यय होता. त्यात 'करणं' कुठेच नाही. तो नामाला लागून विशेषण बनवायचा: अमक्याचा, अमक्याशी संबंधित. 'फेरुम' म्हणजे लोखंड, 'फेरारियुस' म्हणजे लोखंडाचा. 'लिबर' म्हणजे पुस्तक, 'लिब्रारियुस' म्हणजे पुस्तकाचा. मग माणूस हा शब्द बोलण्यातून गळाला आणि विशेषणच नाम झालं: लोखंडाचा तो लोहार, पुस्तकाचा तो लेखनिक किंवा पुस्तकविक्या. आपण 'भाजीवाला आला' म्हणतो तेव्हा तो भाजी पिकवतो की विकतो हे 'वाला' सांगत नाही. भाजीशी त्याचं नातं आहे एवढंच सांगतो. '-आरियुस' अर्थाने तसाच होता.

'करणारा' या अर्थाचा वेगळा प्रत्यय लॅटिनकडे होताच, तो '-तोर'. आणि इथे तुमच्या मूळ शंकेला खरा आधार सापडतो. लॅटिन 'दातोर' म्हणजे देणारा, संस्कृत 'दातृ', मराठी दाता. लॅटिन 'गेनितोर' म्हणजे जन्म देणारा, संस्कृत 'जनितृ'. हे सख्खे आहेत, कुणी कुणाकडून उसने घेतलेले नाहीत. डॉक्टर, कंडक्टर, कलेक्टर, अगदी ट्रॅक्टरमधला 'टर' सुद्धा आपल्या कर्ता, नेता, दाता यांतल्या 'ता'चा भाऊबंद आहे. ट्रॅक्टर म्हणजे ओढणारा. जिथे कानाला काही जाणवत नाही तिथे खरं रक्ताचं नातं, आणि जिथे कान हमखास हो म्हणतो त्या सोनार-बेकरमध्ये काहीच नाही.

आता उसनवारीकडे येऊ. इसवी सनाच्या चौथ्या शतकात वुल्फिला नावाच्या बिशपने बायबल गॉथिक भाषेत आणलं. गॉथिक ही जर्मनची जुनी चुलत बहीण, आता लोप पावलेली. त्या भाषांतरातल्या शुभवर्तमानांची सहाव्या शतकातली एक प्रत, जांभळ्या चर्मपत्रावर चांदीच्या शाईने लिहिलेली, आज स्वीडनमध्ये उप्साला विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. त्या गॉथिकमध्ये शास्त्री म्हणजे 'बोकारीस', शिक्षक म्हणजे 'लैसारीस', जकात घेणारा म्हणजे 'मोतारीस'. नीट बघा: 'बोक' हा शब्द जर्मानिक आहे, आजच्या जर्मन 'बूख'चा आणि इंग्रजी 'बुक'चा नातेवाईक. शेपूट मात्र लॅटिन. म्हणजे तोवर प्रत्यय मूळ शब्दापासून सुटून घरच्या शब्दांना लागायला लागला होता.

हे कसं घडतं, हे मराठी माणसाला परदेशी उदाहरण न देता समजावता येतं. 'दार' हा प्रत्यय फारसी. तो एकटा आला नाही. जमीनदार, फौजदार, सुभेदार अशा शब्दांच्या पोटात बसून आला. असे पुरेसे शब्द रोज तोंडात आले की बोलणाऱ्याला सांधा दिसायला लागतो: जमीन वेगळी, दार वेगळा. मग तो हा 'दार' आपल्या शब्दांना लावतो: टोकदार, चवदार, धारदार. टोक कुठे फारसी आहे? प्रत्यय उसना घ्यायचा असं कुणी ठरवत नाही. शब्द घेतले जातात आणि प्रत्यय त्यांच्याबरोबर घरात शिरतो. रोमन सीमेवरच्या जर्मानिक टोळ्यांत सैनिक, व्यापारी, जकातवाले आणि पुढे धर्मोपदेशक यांच्या तोंडून '-आरियुस'वाले शब्द असेच पोचले. जर्मन 'केल्नर', म्हणजे वेटर, हा मुळात तळघरातल्या कोठाराचा माणूस. तळघराला आणि कोठाराला लॅटिनमध्ये 'केल्ला'.

जकात घेणाऱ्याचा माग काढणं मला फार आवडतं, कारण बायबलमुळे एकच माणूस सगळ्या भाषांत सापडतो. मत्तय हा येशूचा शिष्य आधी जकात गोळा करायचा. गॉथिकमध्ये तो 'मोतारीस'. जुन्या स्लाव्हिकमध्ये, म्हणजे पोलिश, चेक यांच्या कुळातल्या जुन्या भाषेत, 'मितार', म्हणजे शब्द आणि शेपूट दोन्ही जर्मानिक बाजूने आलेले. जर्मनमध्ये 'त्सोल्नर', लॅटिन 'तोलोनारियुस'वरून. आणि मराठी बायबलमध्ये? जकातदार. जकात अरबी, दार फारसी. जकातनाक्यावर बसणारा माणूस बहुधा परक्या राजवटीचा असतो, त्यामुळे त्याच्या हुद्द्याचा शब्दही परका असणं मला स्वाभाविक वाटतं.

जर्मनला स्वतःचा प्रत्यय नव्हता का? होता. जुन्या उच्च जर्मनमध्ये, म्हणजे आजच्या जर्मनच्या सर्वांत जुन्या रूपात, पाववाला म्हणजे 'बेक्को', निरोप नेणारा म्हणजे 'बोतो'. शेवटचा 'ओ' हाच कर्ता दाखवायचा. जुन्या इंग्रजीतही शिकारी म्हणजे 'हुंता'. पुढे शब्दाच्या शेवटचे सगळे स्वर बोथट झाले, ओ काय, आ काय, सगळ्यांचा एकच पुसट 'ए' झाला. त्या 'ए'वरून हा कर्ता आहे की आणखी काही, ते कळेना. लॅटिनकडून आलेला प्रत्यय लांब होता, त्यात र होता, तो झिजूनही ओळखू येत राहिला. म्हणून 'हुंता'चा हंटर झाला आणि 'बेक्को'च्या जागी बेकर आला. जुना शब्द 'बेक' या आडनावात तेवढा राहिला.

यात तुमच्या अभ्यासाला लगेच उपयोगी पडणारी गोष्ट आहे. तुम्हाला आता 'एन' लागणारी नामं शिकवत असतील: कर्ता असताना 'डेर बोटे' (निरोप्या) पण कर्म असताना 'डेन बोटेन', 'डेर एर्बे' (वारस) पण 'डेन एर्बेन'. विद्यार्थी याद्या पाठ करून बेजार होतात. यातली बोटे, एर्बे, श्युत्से (नेमबाज) यांच्यासारखी नामं म्हणजे त्याच जुन्या देशी पद्धतीचे उरलेले प्रतिनिधी. 'अर'वाल्यांना तो 'एन' लागत नाही, 'डेर बेकर, डेन बेकर', कारण ते दुसऱ्या घराण्यातले. मी वर्गात फळ्याचे दोन भाग करून एकीकडे 'बोटे' आणि दुसरीकडे 'बेकर' लिहितो, आणि त्याखाली मुलांनाच नामं भरायला लावतो. त्यानंतर या प्रकरणातल्या चुका निम्म्याने तरी कमी झालेल्या मी पाहिल्यात.

'बाकेन' या क्रियापदात आ आहे, मग 'बेकर'मध्ये ए का, हेही इथेच सुटतं. जुन्या जर्मनमध्ये प्रत्ययाच्या शेवटी इ होता, 'आरि'. त्या इ-च्या ओढीने आधीचा आ पुढे सरकून ए झाला: 'बाकेन'चा बेकर, 'यागेन'चा, म्हणजे शिकार करण्याचा, येगर. सगळीकडे मात्र हे होत नाही. 'मालेन'चा, म्हणजे रंगवण्याचा, मालरच राहतो, 'फारेन'चा, म्हणजे गाडी चालवण्याचा, फाररच. म्हणून नियम म्हणून पाठ करू नका, कारण म्हणून लक्षात ठेवा.

आणखी एक, कारण पुढे तुम्ही हे विचारालच: 'रेंटनर'मधला (पेन्शनर) न आणि 'क्युन्स्टलर'मधला (कलाकार) ल कुठून आले? 'वागेन' म्हणजे गाडी, तिचा वागनर. 'गार्टेन' म्हणजे बाग, तिचा गेर्टनर. न मुळात वागेन आणि गार्टेनचा. पण लोकांनी सांधा चुकीच्या जागी मोडला आणि 'नर' हाच प्रत्यय समजून 'रेंटे'ला, म्हणजे पेन्शनला, लावला. 'झाटेल' म्हणजे खोगीर, त्याचा झाटलर; तिथून 'लर' सुटला आणि 'टिश'ला, म्हणजे टेबलाला, लागून टिशलर झाला, म्हणजे सुतार. 'क्लाइनर'मधला, म्हणजे 'जास्त लहान' दाखवणारा 'अर' मात्र यातला नाही. तो आपल्या 'स्वर्गादपि गरीयसी'तल्या 'ईयस्'च्या घरचा आहे. 'किंडर'मधला अनेकवचनी 'अर' त्याहूनही वेगळा.

आता युरोपभर हा प्रत्यय कसा दिसतो ते. गिरणीवाल्याचं उदाहरण घेतो, कारण तो प्रत्येक गावात असायचा आणि त्याचं आडनावही सगळीकडे झालं. लॅटिन 'मोलिनारियुस'. फ्रेंचमध्ये म्यूनिए, स्पॅनिशमध्ये मोलिनेरो, पोर्तुगीजमध्ये मोलेइरो, जर्मनमध्ये म्युलर, इंग्रजीत मिलर, चेकमध्ये म्लिनार्झ, हंगेरियनमध्ये मोल्नार, फिनिशमध्ये म्यूल्लारी. इटलीत मोलिनारी हे आडनाव आजही भेटतं. शेपटांकडेच बघा: ए, एरो, एइरो, अर, आर्झ, आर, आरि. शेवटच्या दोन भाषा, हंगेरियन आणि फिनिश, आपल्या भाषाकुळातल्याच नाहीत, तरी प्रत्यय तिथे आहे. फिनिशमध्ये न्यायाधीश 'तुओमारी', डॉक्टर 'लॅकॅरी', दोन्ही स्वीडिशकडून. प्रत्यय कूळ ओलांडून जातो याचा याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही.

पण कुठल्या भाषेने तो कुणाकडून घेतला, हे सरसकट सांगता येत नाही. शब्द कुठला यावर ते अवलंबून आहे. फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज या लॅटिनच्या लेकी, त्यांना तो वारशाने मिळाला. इटालियनमध्ये 'फोर्नायो', म्हणजे भट्टीवाला, यातला 'आयो' घरचा. पण 'जार्दिनिएरे', म्हणजे माळी, यातला 'इएरे' फ्रेंचकडून परत आलेला. पोलिश 'मालाझ', म्हणजे चित्रकार, सरळ जर्मन मालरवरून. आणि काही ठिकाणी नुसता भास असतो: वेल्श भाषेतही धंदेवाचक शब्दांच्या शेवटी र येतो, पण तो 'गूर', म्हणजे पुरुष, या त्यांच्या स्वतःच्या शब्दाचा उरलेला तुकडा आहे. आपल्या सोनारासारखंच प्रकरण.

इंग्रजीत तर दर शब्दाची स्वतंत्र चौकशी करावी लागते. बेकर, फिशर हे जुन्या इंग्रजीपासूनचे. बटलर हा फ्रेंच बुतेइए, बाटल्या सांभाळणारा, म्हणजे '-आरियुस'च पण फ्रान्समार्गे आलेला. टेलर आणि बार्बर मात्र '-आतोर'वाले. तालियातोर म्हणजे कापणारा. उच्चार झिजून ते 'अर'च्या रांगेत येऊन बसले. म्हणून टेलरचा 'अर' खरं तर दात्याच्या बाजूचा, आणि शेजारच्या दुकानातल्या बेकरचा लॅटिन विशेषणाच्या बाजूचा.

मग मराठीच्या आसपास '-आरियुस' कुठेच नाही का? भरपूर आहे. नळ दुरुस्त करायला येतो तो प्लंबर म्हणजे 'प्लुंबारियुस', शिशाचा माणूस, कारण रोमन नळ शिशाचे असत. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणजे 'सेक्रेतारियुस', गुपितांचा माणूस. हा प्रत्यय एकात 'अर' आणि दुसऱ्यात 'अरी' का? प्लंबर बोलीतून झिजत आला, सेक्रेटरी पोथीतून उचलला. आपल्या भाषेत बोलायचं तर एक तद्भव, एक तत्सम, जसे सोनार आणि सुवर्णकार. जानेवारीतही तोच प्रत्यय आहे: 'यानुआरियुस', यानुस देवाचा महिना.

सगळ्यात जुना पाहुणा म्हणजे दीनार. रोमन चांदीचं नाणं 'देनारियुस', म्हणजे दहाचा, कारण सुरुवातीला ते दहा तांब्याच्या नाण्यांच्या मोलाचं होतं. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक समुद्रमार्गदर्शिकेत भडोचच्या बंदरात सोन्याचांदीचे देनारियुस येत आणि स्थानिक नाण्यांच्या बदल्यात नफा देत, अशी नोंद आहे. त्याच मजकुरात पुढच्या बाजारगावांत सोपारा आणि कल्याणही येतात. तो शब्द संस्कृतात इतका रुळला की गुप्तकाळातल्या शिलालेखांत दीनार सापडतो. सोनार आणि दीनार कुणी यमक म्हणून जुळवले तरी दोघांचे 'आर' वेगळ्या गावचे.

त्याच सोपाऱ्याशेजारी वसईला 1534 मध्ये पोर्तुगीज आले आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेईपर्यंत राहिले. त्यांच्याबरोबर हा प्रत्यय किनाऱ्यावर दुसऱ्यांदा उतरला, या वेळी 'एइरो' आणि 'एइरा' होऊन. वसई-गोव्यातलं परेरा हे आडनाव म्हणजे नासपतीचं झाड. पोर्तुगीज तोच प्रत्यय झाडांनाही लावतात.

गोव्यात तो धंद्यांच्या नावांतही राहिलाय. माडाची सूर काढणारा रेंदेर, कारण 'रेंदेइरो' म्हणजे खंडाने घेणारा, आणि माड खंडाने घेतलेले असत. लग्नाच्या स्वयंपाकाला येणारा कुझनेर म्हणजे 'कोझिन्येइरो'. आणि सकाळी सायकलला मोठी टोपली बांधून, भोंगा वाजवत, उंडे आणि पोळे असे गोव्याचे पाव घेऊन दारात येतो तो पोदेर म्हणजे 'पादेइरो', पाववाला. जर्मन बेकरचा 'अर' आणि या पोदेराचा 'एर' एकाच लॅटिन घरचे आहेत, आणि दोघांचा धंदाही एकच.